धुतलेल्या चकत्या

रेवदंड्याची टाकी गेली, हे ऐकल्यावर पूनमला आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं. मधे फार वेळ गेला नाही, ओट्यावरच्या चहाला उकळी येण्याइतकाही नाही, पण क्रम तोच होता आणि तो तिने स्वतः पाहिला होता. सकाळची वेळ होती. फोन तिच्या नवऱ्याच्या हातात होता. दिनानाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, फोनवर तळवा ठेवून म्हणाला, "तुझ्या लेकीचा आहे. हसतेय की रडतेय, मला काही कळत नाहीये." रुचिकाला तो 'तुझी लेक' म्हणे. रुचिका दिवेआगरची. पूनमकडे संशोधनाला होती तेव्हा प्रत्येक सुट्टीनंतर त्याच्यासाठी वाडीतली रोठा सुपारी आणायची. वादळात वाडी आडवी झाली त्या वर्षीसुद्धा कुठूनतरी मिळवून आणली होती. दिनानाथला तेवढं पुरलं होतं. पूनमने हात पुसून फोन घेतला.

"मॅडम, त्यांनी धुऊन टाकलं."

"काय धुऊन टाकलं?"

"सगळं. पाहुणे येणार म्हणून. ब्लीचिंग पावडर घालून, घासून. मी जरा घरी गेले होते. काल येऊन बघते तर टाकीला हळदकुंकू लावलंय, नारळ ठेवलाय आणि चकत्या पांढऱ्याशुभ्र. एकेक हातात घेऊन घासलीय हो बायकांनी. इतक्या प्रेमाने घासलीय की ओरडतासुद्धा येईना." मग ती खरंच हसली, आणि हसता हसता तिचा आवाज चिरला. "मॅडम, माहेर आहे ना अजून?"

त्याच वेळी ते बरं वाटलं. जिभेच्या मुळाशी, कैरी चावल्यावर पाणी सुटतं तसं, ओळखीचं आणि आवरता न येणारं. पूनम म्हणाली, "आहे. का नसेल?" आणि फोन ठेवल्यावर तिने गॅस बंद केला, तेव्हा चहा उतू गेलेला होता.

माहेर म्हणजे बेलापूरच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखाली, एका जुन्या काचेच्या टाकीत ठेवलेल्या चकत्या. बटणाएवढ्या, जाळीदार, प्लॅस्टिकच्या. त्यांच्या भोकाभोकांतून तपकिरी, बुळबुळीत थर धरलेला. बाहेरचं कुणी आलं की आधी नाकाला हात लावायचं, आणि पूनमने सांगितल्यावर हात काढून वास घ्यायचं. वास घाण नसे. नांगरलेल्या ओल्या जमिनीचा असे. तो थर म्हणजे अनेक जातींच्या जिवाणूंची वस्ती होती, आणि ती आपोआप झालेली नव्हती, पूनमने वसवलेली होती. बंदरावर मासळी धुतात, टोपल्या धुतात, ते पाणी रक्ताचं, खवल्यांचं, चरबीचं आणि वर मिठाचं. गावच्या सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू त्या मिठात तग धरत नाहीत. म्हणून चरबी खाणारी एक जात, मासळीच्या सडण्यातून सुटणारा उग्र अमोनिया हवेच्या मदतीने मोडणाऱ्या दोन जाती, आणि थराच्या तळाशी, जिथे हवा पोचतच नाही तिथे राहून उरलेलं काम पुरं करणारी चौथी, अशा चार जाती तिने खाडीतून, मिठागरातून शोधून, एकेक शुद्ध करून, एकमेकींशेजारी आणल्या होत्या. यात तिची अनेक वर्षं गेली. आणि त्या चार जाती चकत्यांवर एकत्र नांदत नव्हत्या. काचेच्या बशीत नांदायच्या. वाहतं पाणी सोडलं की चकत्यांवरून धुऊन जायच्या.

पाचवी रुचिकाने आणली. पावसाळ्याआधी रेवदंड्याच्या खाडीत होड्या वर ओढतात, तेव्हा एका होडीच्या नांगरदोरावरची बुळबुळ तिने खरवडून आणली होती. प्रयोगशाळेचा नियम पूनमचा होता: बशीत नको ते उगवलं की बशी फेकायची. रुचिकाने फेकली नाही. ती पाचवी जात तशी निरुद्योगी होती. काही खात नव्हती म्हटलं तरी चालेल, काही मोडत नव्हती, फक्त डिंकासारखं काहीतरी पाझरत बसायची. पण त्या डिंकात बाकीच्या चार रुतल्या आणि टिकल्या. सकाळी येऊन रुचिका टाकीत डोकावायची आणि म्हणायची, "काय गं बायांनो, जेवलात का?" पूनमला याची लाज वाटे, विशेषतः कुणी परके आले असले की. एकदा रुचिका नसताना तिने स्वतः टाकीवर वाकून तसंच म्हणून पाहिलं होतं. आवाज कोरडा आला आणि ती लगेच सरळ उभी राहिली.

मग शोधनिबंध. नावांचा क्रम ठरवायचा तेव्हा पूनमनेच रुचिकाचं नाव पहिलं घातलं. कुणी सुचवलं नव्हतं, रुचिकाने तर हात जोडून नको म्हटलं होतं. पूनमने घातलं. लोक म्हणाले, मन मोठं आहे तुमचं. ते ऐकताना तिला अंगावर ऊन पडल्यासारखं वाटलं होतं. ते ऊन चारसहा दिवस टिकलं. त्यानंतर कुठल्याही परिषदेत कुणी रुचिकाचं नाव घेऊन त्या निबंधाचा हवाला दिला की पूनमला वाटे, हे मी दिलेलं आहे, माझ्या हाताने. आपण दिलेलं परत मागता येत नाही आणि देऊन झाल्यावर विसरताही येत नाही. रुचिका रेवदंड्याला गेली, मच्छीमार सोसायटीला गळ घालून जेट्टीजवळ टाकी बांधली, माहेरातून नेलेल्या चकत्यांनी ती लावली. वर्षभरात जेट्टीखालचं पाणी निवळलं. वर्तमानपत्रात फोटो आला: रुचिका, ओंजळीत चकत्या, मागे होड्या. मजकुरात पूनमचं नाव नव्हतं. रुचिकाने रडवेल्या आवाजात फोन केला होता की मी सांगितलं होतं मॅडम, चांगलं दोनदा सांगितलं, त्यांनी कापलं. तिने सांगितलं असणार याची पूनमला खात्री होती. तीच पंचाईत होती. रागाला टेकायला भिंत मिळत नव्हती.

आणि आता पुढच्या आठवड्यात मत्स्य खात्याचे साहेब आणि किनाऱ्यावरच्या इतर बंदरांच्या सोसायट्या टाकी बघायला येणार होत्या. टाकी चालताना दिसली तर त्यांच्याकडेही बांधतील. नाही दिसली तर रेवदंड्याची सोसायटीसुद्धा विजेचा खर्च कशाला म्हणून ती बंद करील. नव्याने थर धरायचा तर पावसाळा उजाडेल. तयार चकत्या विरजणासारख्या घातल्या तरच वेळेत जमेल, आणि ते विरजण जगात एकाच ठिकाणी होतं. गोठवून ठेवलेल्या जाती वेगवेगळ्या बाटल्यांत होत्या, पण बाटलीतून काढून एकत्र केल्या की त्या पुन्हा पहिल्यासारख्या बसतीलच असं नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

प्रयोगशाळेत जाऊन पूनमने रुंद तोंडाचा पांढरा कॅन घेतला. अर्ध्या द्यायच्या, अर्ध्या ठेवायच्या या नियमाप्रमाणे अर्ध्या चकत्या काढल्या. मग थोडं थांबून उरलेल्या अर्ध्याही काढल्या. काचेची टाकी रिकामी झाली. तळाशी नुसता गाळ आणि काचेवर पाण्याची रेघ. टाकी मोठी आहे, विरजण जास्त लागेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरंच होतं. एक खरं कारण हाताशी असलं की दुसरं तपासावं लागत नाही. मासळीवाले वापरतात तसला सेलवर चालणारा हवेचा पंप तिने कॅनच्या कडेला अडकवला, नळी आत सोडली, बुडबुडे आले. चकत्या इतक्या दाटीत ठेवल्यावर हवा सतत लागते, नाहीतर वरवरच्या जाती गुदमरतात. हे ती विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

गाडी भाड्याची होती. ड्रायव्हर गुणाजी, पालीकडचा, गावी भातशेती आणि इथे गाडी. मधल्या आसनावर कॅन, त्याच्या शेजारी पूनम. पळस्पे ओलांडेपर्यंत तो गप्प होता. मग आरशातून म्हणाला, "मासं हायेत का मॅडम?"

"नाही."

"मंग हवा कशाला?"

"जिवाणू आहेत. जंतू."

त्याने पुढचा एक ट्रक मागे टाकला. "म्हंजे घाण."

"घाणच. घाण खाणारी घाण."

"आन् त्येला एशी गाडी!" गुणाजी खूश झाला. "आमची म्हातारी पालीला देवाला न्यायची म्हनली का येष्टीतनं नेतो. परत्येकाचं नशीब आस्तं, काय?" पंपाच्या आवाजाला त्याने भुंगा असं नाव दिलं आणि पुढच्या वळणापर्यंत तो त्या नावावर समाधानी होता.

पेण आलं. पेण पूनमचं गाव, पण ते आता बाहेरच्या रस्त्याने निघून जायचं गाव झालं होतं. तिला आठवलं ते स्वयंपाकघर, आणि शेजारच्या ठमीकाकूंचं दही. ठमीकाकूंचं दही वडीसारखं पडायचं. आईचं कधी पातळ, कधी आंबट, कधी तार सुटलेलं. त्या काळी एकमेकींकडे विरजण मागायची पद्धत होती. दिवेलागणीनंतर दूध-दही दाराबाहेर जात नसे, म्हणून ज्यांना हवं त्या ऊन असतानाच यायच्या. एकदा ठमीकाकूंचं विरजण मांजराने चाटलं. त्या वाटी घेऊन आल्या. आई लगबगीने म्हणाली, "अगं बस ना, देते." आत येऊन तिने दह्याची कवडी वाटीत घेतली, आणि ती वाटी चुलीच्या वैलावर ठेवली. गरम राखेच्या कडेला, थोडा वेळ. पूनम उंबऱ्यावर बसून पाहत होती. आईने पुढे काही केलं नाही. पदराने धरून वाटी उचलली, चटका बसला तसा हात झटकला, मग गार होईपर्यंत बाहेर काकूंशी गोड बोलत राहिली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, लागलंच नाही गं, माझंच दूध नासकं असेल. आई म्हणाली, असेल. पूनमने आईला कधी विचारलं नाही. सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश घेतला त्या वर्षी, कुठल्या तापमानाला काय मरतं ते वाचताना, तिला ती वाटी आठवली होती आणि तिने पान उलटलं होतं. आता तिला वाटलं, आईला ते दही मारायचं होतं की फक्त आपल्या हातात ते आहे हे थोडा वेळ बघायचं होतं.

वडखळला गाड्यांची रांग लागली होती. कंटेनर, ट्रेलर, लग्नाच्या दोन बसेस. ऊन टपाला चिकटलेलं. गुणाजीने इंजिन बंद करून काचा खाली केल्या, उतरून पुढे काय अडलंय ते बघायला गेला. पंप चालू होता. पूनमचा हात कॅनवर होता. बुडबुड्यांची थरथर तळव्याला लागत होती, मांडीवर झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी. तिला फोटोतली ओंजळ आठवली. रुचिकाचे हात लहान आहेत, नखं आखूड, बोटांना कायम ॲसिडचे पिवळे डाग. त्या ओंजळीत चकत्या नैसर्गिक दिसत होत्या. आपण तसा फोटो काढला असता तर काहीतरी दाखवायला धरल्यासारखं दिसलं असतं. हा विचार तिने पूर्ण केला आणि पंपाचं बटण बंद केलं.

काही झालं नाही. लग्नाच्या बसमधून गाणं ऐकू येत होतं. बुडबुडे थांबल्यावर पाणी सपाट झालं, झाकणाच्या भोकातून तिला ते दिसलं. तिने घड्याळाकडे बघायचं टाळलं. लगेच चालू करू, असं ती म्हणत होती. रांग हलली की. गुणाजी आला की. दर वेळी पुढची खूण तिने ठरवली आणि ती येऊन गेली. गुणाजी आला, "पुडं टेलर आडवा झालाय" म्हणाला, बिडी ओढायला पुन्हा उतरला. तिच्या मनात राग नव्हता, आश्चर्य वाटावं इतकी शांतता होती. आत आता काय चाललं असेल ते तिला टप्प्याटप्प्याने माहीत होतं. वरच्या थरातल्या जाती पाण्यातली उरलीसुरली हवा ओढून घेत असतील. ती संपली की आधी मंदावतील, मग गळू लागतील. खाली, प्लॅस्टिकला लागून, हवेशिवाय जगणाऱ्या तळाच्या जातीला काही कळणारही नाही. उलट तिचे दिवस येतील. ती वर सरकेल. पूनमला या चौथ्या जातीबद्दल कधी माया वाटली नव्हती, तिचं काम शेवटचं आणि न दिसणारं. आज वाटली. आणि मग तिला दुसरंच काही दिसलं: रुचिका कॅन उघडते, वाकते, वास घेते, तिचा चेहरा पडतो, ती म्हणते, असू दे मॅडम, तुम्ही एवढ्या उन्हात आलात. ती नेमकं असंच म्हणेल. आणि आपण तिच्या खांद्यावर हात ठेवू. तो हात ठेवण्याची कल्पना पूनमला इतकी सुखाची वाटली की ती स्वतःलाच घाबरली. तरी बटण तसंच राहिलं. रांग हलली. धरमतरच्या पुलावरून खाडीचं पाणी पांढरं दिसत होतं.

पोयनाडला गुणाजीने चहाला गाडी थांबवली. इंजिन बंद झालं आणि तो मागे वळला. "मॅडम, भुंगा गप झालाय तुमचा."

"हं?"

"सेल गेलं वाटतं. थांबा, हितं भेटतील." ती काही बोलायच्या आत तो दुकानात जाऊन सेल घेऊन आला, मागचं दार उघडून पंप हातात घेतला, आणि त्याचा अंगठा बटणावर थांबला. "आवो, बटनच बंद हाय की." त्याने ते दाबलं. पंप गुरगुरला. "सेल चांगलं हायेत. धक्का लागला आसंल गर्दीत."

"लागला असेल," पूनम म्हणाली. आईचा 'असेल' तिला स्वतःच्या तोंडून ऐकू आला.

पुढे कार्लेखिंड, अलिबाग, नागाव, चौल, सगळीकडे पंप चालू होता आणि ती कॅनला हात न लावता बसली होती. नारळी-पोफळींची सावली काचेवरून सरकत होती. झाकणाच्या भोकातून येणारा वास तिने घेतला. ओल्या जमिनीचा होता, पण त्याखाली आणखी एक होता, बारीक, उकडलेल्या अंड्याचा, हवा संपल्याचा.

रेवदंड्याच्या जेट्टीवर उन्हं कलली होती. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. टाकीच्या कठड्यावर खरोखरच हळदकुंकू होतं. टाकीजवळच्या बायांत पुढे उभी होती ती नीराबाई, सोसायटीच्या टोपल्या धुणाऱ्या बायांची पुढारी. तिने कॅन बघून दोन्ही हात कपाळाला लावले. "बाय, आमाला काय ठावं? पावनं येनार म्हनल्यावं घान कशी दाखवायची? रुचिकाबाय पन घरी गेलेली. म्हनलं, येईल त खूश व्हईल पोर. ही शेजारची सून, ही मी, आमी बसलाव अन् घासली. दातांसारकी पांढरी केली."

"तुझ्या दातांसारकी नको म्हनू मावशी," मागून कुणी म्हणालं, "तुझं तर मिसरीनं काळं हायेत." सगळ्या हसल्या, नीराबाईही हसली आणि पुन्हा कपाळाला हात लावला.

रुचिका वाळली होती. तिने पूनमला वाकून नमस्कार केला नाही, पूर्वीही करत नसे. तिने पूनमचा हात धरून क्षणभर गालाला लावला, आणि तो सोडून कॅनकडे वळली. झाकण काढलं. वाकली. वास घेतला. पुन्हा घेतला, या वेळी डोळे मिटून. हे पूनमनेच शिकवलेलं: यंत्र नंतर, नाक आधी. तिने कोपरापर्यंत हात आत घातला, तळातून मूठभर चकत्या काढल्या, उन्हात धरल्या. बोटाने थर दाबून पाहिला.

"वर थोडं गेलंय," ती म्हणाली. "आतलं धरून आहे. रस्त्यात हवा कमी पडली का, मॅडम?"

पूनम बोलणार होती. वडखळच्या गर्दीचं काहीतरी तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण गुणाजी नीराबाईच्या हातचं पाणी पिऊन, तोंड पुसत, रंगात येऊन सांगू लागला होता: "आवो तीच त गंमत. मी म्हनलं सेल गेलं. पैकं टाकून नवं सेल आनलं. बघतो त काय, बटनच बंद! आन् मॅडम बाजूलाच बसलेल्या, त्यांना बी पत्ता न्हाय. शिकलेल्या मान्सांचं आसंच. डोकं वर, हात खाली."

बायका हसल्या. रुचिकाचा हात पाण्यात परत गेला होता आणि तिथेच थांबला. तिने वर पाहिलं नाही. पूनमला तिच्या मानेवरचा घाम दिसत होता, केसांची एक बट तिथे चिकटलेली, आणि त्या क्षणी तिला हवं होतं की या मुलीने मान वर करावी आणि काहीतरी म्हणावं. कडू काहीतरी. एक शब्द पुरला असता. त्या एका शब्दावर पूनम घरापर्यंत गेली असती आणि पुढची वर्षंही काढली असती. रुचिकाने पाण्यातून हात काढला, पंजाबी ड्रेसच्या ओढणीला पुसला.

"नीरामावशी," ती म्हणाली, "दुसरा कॅन आणा ना एक. आणि धुतलेला नको हं!"

नीराबाई हसत आणि स्वतःला शिव्या देत गेली. मासळीचा वास येणारा एक निळा कॅन आला. रुचिकाने पंप बंद करून बाजूला ठेवला आणि ती दोन्ही ओंजळींनी चकत्या उपसून त्यात टाकू लागली. मधेच थांबून दोन्ही कॅनांतली उंची बघायची आणि पुन्हा टाकायची. अर्ध्या झाल्यावर थांबली.

"हे काय करतेस?" पूनम म्हणाली. "टाकी मोठी आहे. तुला सगळं लागेल."

"लागेल." रुचिकाने आता वर पाहिलं. नजर साधी होती. पूनमने तिच्यात पुष्कळ शोधलं. "पण माहेरात काही ठेवलंय का तुम्ही?"

पाणी जेट्टीच्या खांबांना लागत होतं.

"विरजण देताना घरचं भांडं रिकामं करत नाहीत, मॅडम. तुम्हीच सांगायचात." तिने निळ्या कॅनातल्या चकत्या आपल्या टाकीत सोडल्या. त्या धुतलेल्या पांढऱ्या चकत्यांच्या गर्दीत तपकिरी ठिपक्यांसारख्या पसरल्या आणि हवेच्या बुडबुड्यांनी गोल फिरू लागल्या. "इथे चोवीस तास हवा आहे. पाहुणे येईपर्यंत वरच्या जाती परत धरतील. नाही पूर्ण धरल्या तर सांगेन त्यांना, आमच्या बायकांनी धुऊन टाकलं होतं. खरं तेच सांगेन. इतर बंदरांवरही कुणीतरी धुणारच आहे." मग ती पांढऱ्या कॅनाकडे वळली, टाकीतलं तांब्याभर पाणी त्यात घातलं, भांडं मोकळं परत देऊ नये तसं, आणि पंप आपल्या हाताने कडेला अडकवला. बटण दाबलं. वाकून बुडबुडे आले ना ते पाहिलं. "दिवे लागायच्या आत निघा. काकांना सांगा, या वेळी सुपारी नाही. पुढच्या वेळी दोन्ही हात भरून आणते."

नीराबाईने पूनमच्या हातात सोड्यांची पुडी कोंबली. पूनम गाडीत बसली. रुचिका दाराशी आली, काचेतून कॅनकडे बघितलं आणि म्हणाली, "जपून." ते कुणाला म्हणाली ते पूनमने विचारलं नाही.

चौलपर्यंत तिने वेगवेगळे अर्थ लावून पाहिले. रुचिकाचा आता विश्वास राहिला नाही, म्हणून तिने आपली वस्ती दोन जागी ठेवली. हा अर्थ पूनमला बरा वाटत होता, त्यात दोघी सारख्या होत होत्या. किंवा तिला काही कळलंच नाही. किंवा सगळं कळलं, आणि कळूनही तिला फक्त रिकामी टाकी दिसली, बेलापूरच्या खिडकीखालची, आणि तिने ती भरून दिली. हा तिसरा अर्थ पूनमने दोनदा बाजूला सारला आणि तो दोनदा परत आला. सकाळी ती द्यायला निघाली होती. मारायचं असतं तरी ते देणाऱ्याच्या हाताने मारणं असतं. आता तिच्या शेजारी होतं ते रुचिकाने दिलेलं होतं. वरचे गुदमरलेले, आतले जगलेले, रेवदंड्याचं पाणी घातलेलं. मत्सर कमी झाला नव्हता. त्याची जागा फक्त बदलली होती. सकाळी तिला रुचिकाचं नाव हवं होतं, तिची टाकी हवी होती. आता तिला ते अर्धं काढून देणारे हात हवे होते, आणि ते कुणाचं नाव निबंधावर चढवून मिळणारे नव्हते.

कार्लेखिंडीच्या चढावर पंपाचा आवाज बदलला. बारीक झाला, अडखळला.

"गुणाजी, थांबा. गाडी थांबवा."

त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, कान दिला. "चालू हाय की मॅडम. चढाला आवाज दबला."

"सेल बदला."

"आवो, ते चांगलं हायेत..."

"तुम्ही आणलेत ना नवीन? ते घाला."

गुणाजीने मान हलवली, पंप उघडला. तो सेल काढून नवे घालत होता तेवढा वेळ बुडबुडे थांबले. तेवढाच वेळ. पूनमने झाकण काढून बाही वर केली आणि हात आत घालून पाणी ढवळत राहिली, हवा आत जावी म्हणून, जोराने, चकत्या बोटांवर आदळत होत्या, पाणी साडीवर, आसनावर, सोड्यांच्या पुडीवर उडत होतं.

"आवो मॅडम, गाडी!" गुणाजी ओरडला.

तिने हात काढला नाही. पंप गुरगुरला, बुडबुडे तिच्या मनगटावरून वर सरकले, तरी ती काही वेळ ढवळतच होती.